पन्नास किलोंचा स्पीकर आणि दगडूची फुंकर

"सांग बघू रेणू, अशी कोणती वस्तू, जी घरात खांबासारखी घट्ट उभी राहिली पाहिजे आणि आपल्याला हवं तेव्हा एका बोटानं सरकलीही पाहिजे?"

आजोबांनी, म्हणजे आप्पांनी, हे कोडं घातलं तेव्हा रेणूला हसू आलं नाही. ती वस्तू तिच्या समोरच होती. तिच्या खांद्याएवढा उंच, काळा, जमिनीवर उभा करायचा स्पीकर पलंगाच्या लोखंडी दांडीवर कलंडून पडला होता. त्याच्या बुडाला तिनं काल स्वतःच्या हातांनी बसवलेली चार चाकं हवेत लोंबत होती. आणि आतल्या खोलीत तिची आई कंबरेखाली गरम पाण्याची पिशवी घेऊन आडवी झाली होती.

झालं होतं ते असं. बिराजदारांचं घर सोलापूरच्या एका वसाहतीत होतं. उन्हाळे फार कडक झाल्यापासून तिकडे लोक पुन्हा शहाबादी फरशी घालायला लागले होते, कारण तो दगड पायाला गार लागतो. यांच्याही घरात तीच फरशी होती. पुढची खोली एकच, आणि तिच्यावर हक्क दोघांचा. दिवसा रेणूची आई, सुमंगलाबाई, तिथं जमिनीवर कापड पसरून कपडे बेतायची. संध्याकाळी आप्पा तिथं खुर्ची टाकून दोन मोठ्या स्पीकरसमोर बसायचे.

आता हे स्पीकर भिंतीला टेकवून ठेवले तर आवाज घुमतो. रिकाम्या मडक्यात तोंड घालून बोललं की कसं ऐकू येतं, तसं काहीतरी होतं. म्हणून ऐकताना ते भिंतीपासून हातभर पुढे पाहिजेत. आणि सकाळी कापड पसरायचं तर पुन्हा भिंतीला लागले पाहिजेत. रोज दोन्ही वेळा ही ओढाताण. एकेक स्पीकर पन्नास किलोंचा. रेणूचे बाबा घरी होते तोवर ते काम त्यांचं होतं. पण त्यांची बदली मंगळवेढ्याकडच्या सौरशेतावर, म्हणजे उन्हापासून वीज करायच्या प्रकल्पावर, झाली, ते फक्त रविवारी यायला लागले, आणि काम माय-लेकींच्या गळ्यात पडलं.

म्हणून रेणूनं शक्कल लढवली. जुन्या ट्रॉलीची चाकं काढली आणि एका स्पीकरला बसवली. पहिली वीतभर तो झकास सरकला. मग पुढचं चाक दोन फरश्यांच्या सांध्यात अडकलं. खालचा भाग थांबला, वरचा थांबेना. सुमंगलाबाईंनी धावत येऊन त्याला मिठी मारली म्हणून तो पलंगावर टेकला, नाहीतर थेट रेणूच्या अंगावर आला असता. पण त्यांची कंबर लचकली ती लचकलीच.

"रविवारी तुझे बाबा आले की दोन्ही स्पीकर वसाहतीच्या सभागृहात जातील," आई आतूनच म्हणाली. "मला त्यांचा राग नाही आलेला. पण रोज उठून घरात मल्लयुद्ध नको."

"अगं पण आई, आप्पा..."

"आप्पा, तुम्हीच सांगा की. माझं काही चुकतंय का?"

"चुकत नाही बाई," आप्पा म्हणाले. "कंबर जाग्यावर पाहिजे. बाकीचं मागनं."

एवढं बोलून ते गॅलरीत जाऊन बसले. आप्पा कशावर पाणी सोडत होते ते रेणूला मात्र ठाऊक होतं.

गावाबाहेरच्या माळरानावर पाच वर्षांपूर्वी माळढोकाची पिल्लं सोडली होती. माळढोक म्हणजे माणसाच्या छातीपर्यंत उंच होणारा, आपल्या माळांवरून जवळजवळ नाहीसा झालेला पक्षी. त्यातले नर आता वयात आले होते. नर वयात आला की गळ्याखालची पिशवी हवेनं फुगवतो आणि एक खोल हुंकार देतो. तो हुंकार ऐकू आला, तर समजायचं की पक्ष्यांनी हा माळ आपला मानला. त्यासाठी माळावर जागोजागी ध्वनिग्राहक (आवाज टिपणारी छोटी यंत्रं) पुरले होते. संगणक तो आवाज ओळखायचा प्रयत्न करी, पण वारा आणि हुंकार यांत त्याची गफलत होई. म्हणून माळाचा आवाज रोज संध्याकाळी काही जाणत्या कानांकडे पाठवला जाई. त्यातले एक कान आप्पांचे.

आप्पांची नजर आता अधू झाली होती. वाचणं जवळजवळ सुटलं होतं. दिवसभर ते त्या संध्याकाळच्या तासाभराचीच वाट बघत. हुंकार मात्र अजून एकदाही आला नव्हता.

"आप्पा, तुम्ही हेडफोन का नाही लावत?" रेणूनं गॅलरीत जाऊन विचारलं.

"कानात श्रवणयंत्र आहे ना. वर हेडफोन ठेवला की ते शिट्टी मारतं. मग माळढोक राहतो बाजूला, रेल्वेचं इंजिन ऐकत बसायचं."

"मग लहान स्पीकर? माझ्या टेबलावरचा?"

"त्याचा पडदा केवढा? बशीएवढा. आवाज म्हणजे हवेचं हलणं. बारीक आवाजाला थोडी हवा हलवली तरी चालते. जाड, खालच्या आवाजाला मात्र पुष्कळ हवा ढकलावी लागते. त्याला परातीएवढा पडदा लागतो."

"आणि एवढं वजन कशाला?"

आप्पांनी रेणूचे दोन्ही हात धरले. "पायात मोजे घालून गुळगुळीत फरशीवर उभी आहेस असं समज. मला ढकल जोरात. काय होईल?"

"मीच मागं घसरेन."

"तसंच. पडदा हवेला पुढं ढकलतो, तेव्हा पेटी मागं ढकलली जाते. पेटी हलकी असली की तीही डुलते आणि आवाज गढूळ होतो. म्हणून पेटी जड करायची आणि तिला घट्ट उभी करायची. म्हणून तर मी कोडं घातलं. वाजताना हलता कामा नये, आणि न वाजताना हलला पाहिजे."

त्या दोघांच्या मागे कोणीतरी घसा खाकरल्यासारखा आवाज केला. तो दगडू होता, बिराजदारांचा घरकाम्या यंत्रमानव. बुटका, गोल पोटाचा, पायांच्या जागी रुंद पट्टे. घर झाडणं, पुसणं आणि न विचारता बोलणं ही त्याची तीन कामं.

"वीस किलोंपेक्षा जास्त वजन उचलण्याची मला परवानगी नाही," दगडू म्हणाला. "माणसांच्या घरात वावरणाऱ्या यंत्रांसाठी तसा नियम आहे."

"तुला कोणी विचारलं का?" रेणू वैतागली.

"विचारणार होतात. मी वेळ वाचवला."

आप्पा मोठ्यांदा हसले. कालपासून पहिल्यांदाच. आणि हसता हसता ते एकदम थांबले, कसला तरी विचार आल्यासारखे.

"दगड्या, तुझं स्वतःचं वजन किती रे?"

"तीस किलो. शारीरिक टीका मी मनावर घेत नाही."

"रेणू, आईला विचार, पिशवी निवली असेल तर घेऊन ये. आणि माझ्या औषधाच्या डब्यातली ती रबरी नळी आण. तुला एक गंमत दाखवतो."

आप्पांनी नोकरीची सगळी वर्षं उपग्रह जोडण्याच्या एका कारखान्यात काढली होती. जोडलेला उपग्रह दोन-तीन टनांचा असे आणि त्याला धक्का लागून चालत नसे. तो एका दालनातून दुसऱ्या दालनात न्यायचा, हे आप्पांचं काम. कसं, ते रेणूनं कधी विचारलं नव्हतं. घरातल्या माणसाला आपण असलं काही विचारत नाही.

पिशवीतलं पाणी ओतून टाकलं. तोंडाला नळी बसवून वर चिकटपट्टी गुंडाळली. रिकामी पिशवी फरशीवर, तिच्यावर जेवायचा पाट, आणि पाटावर दगडू.

"आता फुंक," आप्पा म्हणाले.

"तीस किलो? माझ्या फुंकरीनं?"

"फुंक तर खरं."

रेणूनं नळीत हवा भरली. गाल फुगले, कान लाल झाले. आधी काही झालं नाही. मग पाट किंचित करकरला. पुन्हा एक दमदार फुंकर. आणि दगडू हलला! पाट फरशीपासून बोटभर वर उचलला गेला होता.

"मी वर जात आहे," दगडू म्हणाला. "मला खाली घ्या. माझा हात कोणीतरी धरा."

रेणूनं नळी सोडली. हवा फुस्स करून बाहेर आली आणि दगडू खाली टेकला.

"हे कसं झालं, आप्पा? मला तर त्याचा एक पट्टाही उचलत नाही."

आप्पांनी शिवणाच्या डब्यातून चाचपून एक टाचणी काढली. तिचं टोक रेणूच्या तळहाताला हळूच लावलं आणि मग डोकं लावलं. "दोन्ही वेळा मी सारखंच दाबलं. टोचलं कधी?"

"टोक लावलं तेव्हा."

"सारखाच जोर, पण टोकाला इवलीशी जागा, म्हणून तिथं दाब (ठरावीक जागेवर पडणारा जोर) फार. डोक्याला जास्त जागा, म्हणून दाब कमी. आता उलट बाजूनं विचार कर. पिशवी केवढी आहे?"

"वहीच्या पानापेक्षा थोडी लहान."

"दगडूचे तीस किलो त्या सगळ्या पानभर वाटले गेले. मग नखाएवढ्या जागेवर किती आले? अगदी थोडं. तेवढं तुझी फुंकर पेलते. आणि पिशवीत भरलेली हवा सगळीकडे सारखीच रेटते, कोपऱ्यातही आणि मधेही. म्हणजे तू एकदा फुंकलंस, पण ती फुंकर पिशवीच्या प्रत्येक नखाएवढ्या जागेवर कामाला लागली. जागा जितकी रुंद, तितकी फुंकर हलकी चालते."

रेणूनं पिशवीकडे पाहिलं, मग पलंगावर कलंडलेल्या स्पीकरकडे.

"पण आप्पा, वर उचललं तरी सरकणार कसं? पिशवी तर फरशीला चिकटूनच आहे. घासेल ना."

"शाबास. घर्षण (एक पृष्ठभाग दुसऱ्यावर घासताना होणारा अडथळा) राहिलंच. आता पिशवीला खालून भोकं पाडली तर?"

"हवा जाईल."

"कुठं जाईल?"

रेणू विचार करायला लागली. "खालून... फरशी आणि पिशवीच्या मधून. कडेनं बाहेर."

"आणि वरून आपण ती सतत भरत राहिलो तर?"

"तर मधे हवाच राहील! पिशवी फरशीला लागणारच नाही!"

"कागदाएवढ्या पातळ हवेच्या थरावर सगळं तरंगेल. याला हवेची उशी म्हणतात. मी उपग्रह असेच नेत होतो. आणि हवा बंद केली की?"

"खाली बसेल. घट्ट!" रेणू उडालीच. "आप्पा, कोडं सुटलं!"

"कागदावर सुटलं. घरात सुटलं तर खरं. सतत हवा भरायची म्हणजे तुझ्या गालांना नाही जमायचं. पंखा पाहिजे, जोराचा."

दोघांनी एकदमच दगडूच्या गोल पोटाकडे पाहिलं. त्या पोटात केर ओढून घेणारी मोटर होती. ती ज्या बाजूनं हवा ओढते, त्याच्या दुसऱ्या बाजूनं ती बाहेर फेकते. तिथं नळी जोडली की झालं.

"नियम तुझ्या हातांसाठी आहे की पोटासाठी?" आप्पांनी विचारलं.

दगडूनं आधी आपल्या हातांकडे पाहिलं, मग पोटाकडे. "हातांसाठी," तो शेवटी म्हणाला. "नियमात फुंकण्याचा उल्लेख नाही."

शुक्रवारची दुपार कामात गेली. दीड फूट लांब-रुंद जाड प्लायवूडची फळी घेतली. स्पीकरचं बूड अरुंद होतं, म्हणून तो कलंडला होता. फळी रुंद असल्यानं आता कलंडायची भीती कमी. सुमंगलाबाईंच्या कपाटात पर्स शिवायचं रेक्झिन होतं, ते मागून आणलं.

"ह्यातनं काही मोडलं तर मी तुम्हा तिघांनाही सभागृहात पाठवीन," त्या पडल्या पडल्या म्हणाल्या.

रेणूनं ते रेक्झिन फळीच्या खालच्या बाजूनं थोडं सैल ठेवून कडांना सगळीकडून टाचलं. मध्यभागी एक चकती लावून ते फळीला घट्ट केलं आणि चकतीभोवती सहा भोकं पाडली. फळीला वरून, स्पीकरच्या बाहेर कडेजवळ, एक मोठं भोक, त्यात दगडूची नळी. चार कोपऱ्यांना चार बुटके रबरी पाय, म्हणजे हवा गेल्यावर स्पीकर त्यांच्यावर टेकेल. स्पीकर आडवा पडलेलाच होता, त्याचा इथं फायदा झाला. रेणूनं चाकं काढून त्याच्या बुडाला फळी बसवली. मग दगडूनं पलंगाकडून लोटलं, रेणू आणि आप्पांनी अलीकडून ओढलं. उचलायचं नव्हतं, नुसतं उभं करायचं होतं, त्यामुळे दगडूचा नियमही मोडला नाही.

शनिवारी सकाळी चाचणी झाली. सुमंगलाबाई कंबरेला पट्टा बांधून दारात येऊन उभ्या राहिल्या.

"मला एका बोटानं हलवता आला तर राहील," त्या म्हणाल्या. "दोन बोटं लागली तर नाही."

"दगडू, फुंक!"

दगडूचं पोट घरघरलं. फळीखालचं रेक्झिन फुगलं. स्पीकर एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं वर आला. रेणूनं बोट टेकवलं, आणि पन्नास किलोंचा तो काळा धोंडा लोण्यावरून सरकावा तसा सरकला. रेणू ओरडणार, तेवढ्यात धप्प! तो खाली बसला.

पुन्हा ढकलला. हलेना. मागं ओढला तर पुन्हा तरंगला, सरकला. पुढं नेला की त्याच जागी धप्प.

"दगडू, जोर कमी पडतोय," आप्पा म्हणाले.

"मी पूर्ण जोर लावत आहे. याहून जास्त लावल्यास माझ्या पोटातून धूर येईल."

आप्पांच्या कपाळावर आठ्या पडल्या. "असं कसं? हे इतकी वर्षं केलंय मी. दोन टन नेले आहेत. पन्नास किलोंना काय झालं?"

सुमंगलाबाईंनी कंबरेचा पट्टा सारखा केला. त्या वळल्या आणि आत गेल्या. रविवार उद्यावर आला होता. आप्पा खुर्चीत बसले आणि हातातली नळी उगाच गुंडाळत राहिले.

"आप्पा, तुमच्या कारखान्यात हवा कमी पडली की कसं ओळखायचे?"

"कमी पडायचीच नाही गं."

"पण गेलीच, तर कुठून जाते ते दिसायला पाहिजे ना. हवा तर दिसत नाही."

ती उठली. दाराजवळच्या कोनाड्यात रांगोळीचा डबा होता. तिनं स्पीकरच्या भोवती सगळीकडे रांगोळीची भुकटी पातळ पसरली. "दगडू, हळू फुंक."

स्पीकर होता तिथं तरंगला तेव्हा रांगोळी चारी बाजूंनी थोडी थोडी, सारखीच उडाली. रेणूनं तो बोटानं पुढं लोटला. फळीची कड पुढच्या फरशीवर गेली, आणि त्याच क्षणी दोन फरश्यांच्या मधल्या सांध्यातून रांगोळीचा पांढरा फवारा भसाभसा उडाला, थेट भिंतीपर्यंत. स्पीकर धप्प करून बसला.

"आप्पा! सांधा! हवा सांध्यातून पळतेय. फरशीवर बाहेर पडायला तिला चिंचोळी फट आहे, पण सांध्यात तर मोठा बोळच मिळतो!"

आप्पांनी वाकून बोटांनी सांधा चाचपला. शहाबादीचा सांधा, चांगला बोट बसेल एवढा रुंद आणि खोल. ते कपाळावर हात मारून हसले.

"कारखान्याची जमीन एकसंध होती. आरशासारखी. तीस वर्षांत एकही सांधा पाहिला नाही मी, म्हणून सांधा असतो हेच विसरलो. आणि या घरात अनवाणी दहा वर्षं चालतोय!"

"सांधे बुजवायचे का? सिमेंटनं?"

"उद्यापर्यंत वाळणार नाही. आणि फरशी फोडायला कोण देतंय?"

"मग वरून काहीतरी अंथरू या. सतरंजी?"

"सतरंजीतून हवा आरपार जाते. तोंडाला पदर लावून फुंकून बघ, कळेल."

हवा जाणार नाही, पाणीही जाणार नाही, आणि जमिनीला चपटं चिकटून राहील असं काहीतरी. पाणी जाणार नाही... रेणू धावत आत गेली.

"आई, माझ्या लहानपणीचं मेणकापड कुठंय? पाळण्यात घालायचं ते?"

"पत्र्याच्या पेटीत. तळाला. का गं?"

"तू म्हणायचीस ना, मी कितीही केलं तरी खालची गादी कोरडी राहायची!"

"तू करायचीसच तेवढं," आई म्हणाली, पण उठून बसली.

मेणकापड अकरा वर्षं घडी घालून पडलं होतं तरी लवचीक होतं. लांबी पाळण्याएवढी, म्हणजे भिंतीपासून हातभर अंतराला अगदी पुरेशी. आप्पा आणि दगडूनं स्पीकर एका बाजूला किंचित कलता धरला, रेणूनं मेणकापड आत सरकवलं. मग दुसऱ्या बाजूला कलता केला आणि ते ओढून सपाट केलं. सांधा झाकला गेला.

"दगडू, फुंक."

स्पीकर तरंगला. रेणूनं बाजूला होऊन आईकडे पाहिलं. सुमंगलाबाई पुढं आल्या. त्यांनी करंगळी उभी केली, सगळ्यांना दाखवली, आणि स्पीकरला लावली.

तो सरकला. एक फरशी ओलांडली, सांधा ओलांडला, पुढची फरशी धरली. आवाज फक्त हवेच्या सुस्काऱ्याचा.

"अगं बाई," सुमंगलाबाई म्हणाल्या, आणि त्या आनंदात त्यांनी करंगळीनं आणखी एक चांगला रेटा दिला. स्पीकर निघाला तो थांबेचना. समोर त्यांचं शिलाई मशीन होतं.

"हवा बंद!" आप्पा ओरडले.

दगडूनं फुंकणं थांबवलं. स्पीकर मेणकापडाच्या शेवटच्या कडेवर, मशीनच्या वीतभर अलीकडे, जागच्या जागी बसला. रेणूनं दोन्ही हातांनी ढकलून पाहिला. ढिम्म.

"वजन गेलं होतं ना आप्पा? मग थांबत का नव्हता?"

"वजन जमिनीला लागत नव्हतं, एवढंच. पन्नास किलो कुठं गेलेत? जड वस्तू एकदा चालायला लागली की चालतच राहायला बघते. याला जडत्व (आहे त्याच स्थितीत राहण्याचा वस्तूचा स्वभाव) म्हणतात. एरवी घर्षण तिला अडवतं. आपण घर्षणच काढून घेतलं, मग अडवणार कोण? म्हणून हवेवरची वस्तू हळू ढकलायची, आणि ढकलायच्या आधी थांबवायचं कसं ते ठरवायचं."

"चाकांच्या वेळी मी ते ठरवलं नव्हतं," रेणू हळूच म्हणाली.

आईनं तिच्या डोक्यावर टपली मारली. "आता ठरवलंस ना? मग झालं."

रविवारी बाबा आले आणि त्यांनी दुसऱ्या स्पीकरला तशीच फळी बसवली, त्याच्याखालीही मेणकापड अंथरलं. सभागृहाचं नाव कोणी काढलं नाही. संध्याकाळी दिवेलागणीला सुमंगलाबाईंनी कापडं आवरली. दगडूनं फुंकर घातली, रेणूनं एकेक स्पीकर भिंतीपासून हातभर पुढं आणला, आणि हवा बंद केल्यावर दोन्ही आपापल्या बुटक्या पायांवर घट्ट बसले. आप्पा खुर्चीत टेकले. माळाचा आवाज सुरू झाला.

आधी नुसता वारा. मग टिटवी. कुठंतरी लांब मेंढरांच्या गळ्यातली घंटी. रेणू जमिनीवर बसली होती. आई दारात उभी राहून हात पुसत होती. बराच वेळ काहीच नाही.

मग एक हुंकार आला. इतका खोल, की रेणूला तो कानाआधी फरशीतून, बसल्या जागेला कळला.

"वारा?" ती कुजबुजली.

आप्पांनी बोट वर केलं. थांब.

पुन्हा आला. थोडं थांबून पुन्हा. वारा असा मोजून मापून येत नाही. आप्पांनी बोट खाली घेतलं.

"तोच आहे," ते म्हणाले. "गळ्याची पिशवी फुगवून उभा असेल बघ, एखाद्या उंचवट्यावर. तोही हवेनंच काम करतो, रेणू. त्यानं तिकडं हवा हलवली, आणि ती इथवर पोचली."

हुंकार येत राहिला आणि जड स्पीकर जागचा तसूभरही हलला नाही. रेणूच्या मनात मात्र बरंच काही हलत होतं. दवाखान्यातले पलंग असे सरकवता येतील का? पेशंटला धक्का न लावता? वसाहतीतल्या म्हाताऱ्या माणसांची कपाटं? त्याला किती मोठी फळी लागेल, आणि जिने आले तर काय करायचं?

आईनं पदर खोचला आणि पुढच्या खोलीच्या कोपऱ्याकडे पाहिलं. तिथं त्यांच्या लग्नातलं लोखंडी कपाट उभं होतं. लावल्यापासून त्याच्या मागे कोणी झाडलं नव्हतं.

"दगडू," त्या म्हणाल्या, "उद्या सकाळी रिकामा आहेस का?"

"कपाटाचं वजन किती आहे?" दगडूनं विचारलं.

"तुला काय करायचंय वजनाशी? तू फक्त फुंकर घाल. मेणकापड मी अंथरते."